ताण दिलेली बाटली

सुरभी मॅडमनी हातावर ठेवलेला पेढा हिरासिंगभाऊंनी खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात घातला आणि माझ्याकडे आले. मी बेसिनवर काचेच्या प्लेटा घासत होते.

"शीलाताई, एक गोष्ट सांगाची हाय. मॅडमच्या पेपरची."

"आता काय फोडलंत?" मी विचारलं. बावीस वर्षं या माणसाबरोबर एका प्रयोगशाळेत काढली. मी टेक्निशियन, ते अटेंडंट. एवढ्या वर्षांत पाच-सहा बाटल्या फुटल्या असतील, पण दर वेळी चेहरा असा की घरचं कुणी दवाखान्यात भरती आहे.

"फोडलं नाई ताई. जगवलं," ते म्हणाले.

आधी आमचं काम सांगते. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. आम्ही ते वाढवून पाकिटं भरतो, शेतकरी पेरणीआधी बियाण्याला चोळतात. अडचण एकच, आमच्या यवतमाळचं ऊन. पेरणी झाल्यावर पाऊस आठ दिवस रुसला की जमीन तव्यासारखी तापते आणि बियाण्यावरचे जिवाणू मरतात. सुरभी मॅडम दोन वर्षांपासून ऊन सोसणारा जिवाणू शोधत होत्या. झरी जामणी, मारेगाव, कळंब असं करत बारा गावांची मुळं आणली. बारा बाटल्या पंचेचाळीस अंशांवर तापवलेल्या पेटीत ठेवल्या. अकरा गावांचे जिवाणू मेले, आठ नंबरचे जगले. एकदा नाही, तीनदा. त्याच्यात काहीतरी खास जनुक असणार, असा मॅडमनी पेपर लिहिला आणि तो छापायला मंजूर झाला. म्हणून पेढे.

आणि आठ नंबर होता खुद्द हिरासिंगभाऊंच्या वावरातला. दिग्रसकडच्या टेकडीतांड्याचा. मॅडम म्हणाल्या होत्या, पाकिटावर तांड्याचं नाव छापू. ते ऐकल्यापासून भाऊंची चालच बदलली होती. त्यांची रुक्माबाई तर तांड्यावर सांगत सुटली होती की आमच्या वावरातले किडे आता जिल्हाभर जाणार. या महिनाअखेर भाऊ रिटायर होणार, आणि जाताना हे एवढं मानाचं पान वाट्याला आलेलं.

"काय जगवलं?" मी नळ बंद केला.

"आठ नंबर. मॅडम दहाले येतेत. मी आठले येतो. ऑटोक्लेव्ह लावला का त्याचं झाकण कोमट होते. त्याच्यावर मी आठ नंबरची बाटली ठेवो, घंटाभर. मंग पुसून जाग्यावर."

ऑटोक्लेव्ह म्हणजे भांडी निर्जंतुक करायचा, जाड दुहेरी झाकणाचा आमचा मोठा कुकर.

"काहून?" मी विचारलं.

"एकदम आगीत टाकलं त मरन ना ते बाप्पा. मी जवान असतानी दारव्ह्याकडं संत्र्याच्या बागेत कामाले होतो. तिथं उन्हाळ्यात झाडाचं पानी तोडत. पानं सुकेपर्यंत ताण देत, मंग पानी. भल्ला बहार ये. म्हटलं, यालेबी थोडा ताण देऊ. आपल्या वावरातलं हाय, पहिल्याच धक्क्यात मरू नाई." ते खाली बघत होते. "बाकीच्याईचं सुचलं नाई. स्वार्थ झाला माझा."

मी दार लोटलं आणि जे बोलले ते आता सांगायची लाज वाटते, पण सांगते. म्हटलं, "भाऊ, कुणी पाहिलेलं नाही. वीस दिवस राहिलेत तुमचे. मॅडमचा पेपर होऊ द्या, तांड्याचं नाव होऊ द्या. गप्प बसा."

"बसलो असतो," ते म्हणाले. "पन पाकीट घेऊन शेतकरी पेरन. वावरात कोन हिरासिंग जाईन सकाळी आठले, कोमट कराले?"

ते हात पुसून मॅडमच्या टेबलाकडे गेले. मीही मागे गेले, एकट्याला कसं सोडायचं.

मॅडमनी सगळं ऐकलं. सुरभी मॅडम तशी एकोणतीस वर्षांची पोर, मराठवाड्यातून आलेली, चिडली की इंग्रजीत चिडते. त्या दिवशी कुठल्याच भाषेत चिडली नाही.

"तीनही वेळा, काका?"

"हाव मॅडम. तिनी वेळा."

ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. डोळे पुसताना मला दिसली आणि मला भाऊंचा भयंकर राग आला. दोन वर्षं त्या मुलीनं ना दिवाळी पाहिली ना उन्हाळा. भाऊ मात्र हलले नाहीत. शिव्या खायला आलेला माणूस शिव्या न खाता जात नाही, तसे उभे.

मग मॅडम वळली. "झाकण किती गरम असतं?"

"असं," भाऊंनी हाताची पालथी बाजू पुढे केली. "इथी चटका नाई, पन गरम लागलं पायजे."

"चला, दाखवा."

तिनं झाकणावर थर्मामीटर ठेवला. अडतीस. दुसऱ्या दिवशी साडेअडतीस. तिसऱ्या दिवशी परत अडतीस. मॅडम स्टुलावर बसली आणि हसायला लागली. "काका, तुमचा हात आमच्या पेटीपेक्षा बरा आहे."

मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं. ताप सोसायला लागणारं जनुक बहुतेक साऱ्याच जिवाणूंत असतं, पण एरवी बंद असतं. गरज नसताना ते काम चालू ठेवणं त्या एवढ्याशा जिवाला परवडत नाही. हळूहळू तापलं की बंद जनुक चालू होतं आणि आतल्या बिघडणाऱ्या गोष्टी सांभाळणारी प्रथिनं तयार होतात. एकदम तापवलं तर चालू व्हायच्या आतच जीव जातो.

"म्हंजे अकल सगळ्याईलेच हाय," भाऊ म्हणाले, "फक्त सुचाले टाइम पायजे."

"हो. पण आठ नंबर खरोखरच इतरांपेक्षा कणखर असेल, असंही होऊ शकतं," मॅडम म्हणाली. "ते अजून आपल्याला माहीत नाही. आता बाराही गावांच्या दोन-दोन बाटल्या घेऊ. एक कोमट करून, एक सरळ पेटीत. जुना पेपर छापू नका म्हणून मी कळवलंय."

भाऊंनी मान हलवली, पण त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते मी पाहिलं. आशा होती ती. कोमट न करताही आठ नंबर जगला, तर तांड्याचं नाव राहणार होतं.

शनिवारी मुद्दाम सव्वानऊलाच पोचले. ऑटोक्लेव्हच्या झाकणावर बारा बाटल्या रांगेत ठेवलेल्या, मधे थर्मामीटर. सरळ पेटीत जाणाऱ्या बारा पलीकडच्या टेबलावर, सावलीत. भाऊंच्या हातात त्यांतली आठ नंबरची. झाकणापासून हातभर अंतरावर ते उभे होते. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच.

मला राहवलं नाही. "भाऊ, दहा मिनिटं ठेवली तर काय बिघडतं?"

"मंग मॅडमले सांगतलं कायले?" ते म्हणाले. चिडून नाही. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, स्टूल लांब ओढलं आणि हात गुडघ्यांत धरून बसले. मॅडम येईपर्यंत पाऊण तास तसेच बसून होते. मी चहा आणून दिला, तोही तसाच गार झाला.

दहाला चोवीस बाटल्या पेटीत गेल्या. नंतर प्रत्येकीतला थेंब थेंब प्लेटांवर पसरला. जिवाणू जिवंत असतील तर तीन दिवसांत ठिपके दिसतात, मेले असतील तर प्लेट कोरी.

मंगळवारी मोजणी. रजिस्टर मॅडमच्या हातात. भाऊ एकेक प्लेट खिडकीच्या उजेडात धरणार, आकडा सांगणार. आधी कोमट केलेल्या. झरी जामणीची भरून आली होती, मारेगावची भरलेली, कळंबची तर मोजता मोजवेना. आठ नंबर धरून बारांपैकी दहा गावं जगली होती. भाऊ मोजत होते आणि आवाज चढत होता, लग्नात आहेर पुकारतात तसा. मॅडम भराभर लिहीत होती, मधेच माझा हात दाबत होती. नवा पेपर पहिल्यापेक्षा मोठा होणार हे माझ्यासारखीलाही कळत होतं. मला फार बरं वाटलं.

मग सरळ पेटीत गेलेल्या. एक, कोरी. दोन, कोरी. सातपर्यंत कोऱ्याच.

आठ नंबरची प्लेट भाऊंनी उजेडात धरली, तिरकी केली, परत सरळ केली. चष्मा कपाळावर नेऊन अगदी डोळ्याशी आणली. मीही मान लांब करून ठिपका शोधत होते. एक तरी दिसावा, असं फार वाटत होतं.

"झिरो, मॅडम."

मॅडमचं पेन हललं नाही. "काका, परत एकदा बघता का? घाई नाही."

"दोनदा पाह्यलं. झिरो हाय. लिहा."

मॅडमनी लिहिलं. आकडा कागदावर उतरेपर्यंत भाऊ शेजारी उभे राहिले. मग प्लेट खाली ठेवली आणि पुढची उचलली.

"नऊ नंबर," ते म्हणाले. "झिरो."