रिकाम्या ताटलीचं वजन

प्रयोगशाळेत तिला सगळे मिली म्हणत. मिलीग्रॅममधली मिली. अंगानं काडी आणि कामही तसलंच. औषधांचे कारखाने आणि सोनार ज्या वजनांवर विश्वास ठेवतात, ती वजनं खरी आहेत का हे तपासायचं. त्यातली सगळ्यात लहान म्हणजे एक कोपरा वर वळवलेले पातळ पत्रे. शिंक आली तर शोधत बसावं लागेल असे. ते चिमट्यानं उचलून काचेच्या पेटीतल्या काट्याच्या ताटलीवर ठेवायचे, आकडा स्थिरावला की वाचायचा, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. हे काम तिच्याइतकं नीट कोणी करत नाही, याबद्दल तिच्यासकट कोणालाच शंका नव्हती.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला.

थोडासाच. चहाचा कप धरताना कळायचंही नाही. पण चिमट्याचं टोक काचेला लागून टिकटिक वाजायचं आणि त्या शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू यायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, ताण कमी करा. साहेबांनी ताण वाढवला.

"पुढच्या महिन्यात तुलना आहे, मिलीबाई. सगळ्या प्रयोगशाळांतून फिरणारं एकच वजन आपल्याकडेही येईल. तुमची मोजमापं एकमेकांशी जुळली तर बारीक वजनं तुमच्याकडेच राहतील. नाही जुळली, तर तुम्ही अंगणातले ट्रक तोलायचे काटे सांभाळा."

"ट्रकचे?"

"वाईट काम नाही ते."

"मी कुठं म्हटलं वाईट आहे म्हणून," मिली म्हणाली आणि लगबगीनं बाहेर पडली.

ध्यानाचं खूळ आणलं बेबीनं. बेबी म्हणजे तिची धाकटी नणंद. चाळिशी आली तरी नाव बेबीच. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती.

"दिवसभर लोकांचं किंचाळणं ऐकून मी वेडी कशी झाले नाही, सांग बघू?"

"बहिरी झालीस म्हणून."

"चेष्टा पुरे, वहिनी. डोळे मिटायचे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तिकडे लक्ष द्यायचं. मन पळालं की कान न पिळता परत आणायचं. रोज. बस्स."

"आणि याचा पुरावा?"

"ही काय, तुझ्यासमोर बसलीय."

"एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, बेबी."

"मग दुसरा नमुना तू हो."

हे मिलीला पद्धतीला धरून वाटलं. शिवाय ट्रकचे काटे डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

घरी बसायची सोय नव्हती. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे टीव्ही सगळ्या मजल्याला ऐकू यायचा. पहिल्याच दिवशी तिनं डोळे मिटले तर नवरा समोर येऊन म्हणाला, "झोपलीस का? माझे मोजे कुठं आहेत ते सांगून झोप." तेव्हा तिनं प्रयोगशाळेतली वजनखोली निवडली. जाड भिंती, दुहेरी दार, जमिनीची धडधड पोचू नये म्हणून स्वतंत्र पायावर बांधलेला ओटा. ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ लागली आणि काट्यासमोरच्या खुर्चीवर बसू लागली.

श्वासाकडे लक्ष दिलं की श्वासच अवघडायचा, फोटो काढताना माणूस अवघडतो तसा. इतकी वर्षं बिचारा आपला आपण चालला होता, आता त्याच्यावर मुकादम कशाला, असं तिला वाटे. नाक खाजे. कुकर बंद केला की नाही ते आठवे. तरीही ती बसायची, कारण प्रयोग अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

हात किंचित निवळला असावा. आकडे मात्र बिघडले. सकाळचं पहिलं मोजमाप दुसऱ्याशी जुळेना, दुसरं तिसऱ्याशी जुळेना. खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे 'हवामान खातं' म्हणत. त्यानं यंत्रं तपासली आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दुपारी त्याच काट्यावर हाताखालच्या नव्या मुलीचे आकडे छान जुळत होते. म्हणजे दोष मिलीचाच.

"तुझ्या ध्यानानं मी होते त्याहून वाईट झाले," तिनं बेबीला फोनवर सुनावलं.

"मग सोड."

"सोडणारच आहे. उद्याचा दिवस शेवटचा."

त्या शेवटच्या दिवशी तिला डोळे मिटावेसेच वाटेनात. ती नुसती काट्याकडे बघत बसली. ताटली रिकामी होती. पेटी बंद होती. आणि काट्यावरचा शेवटचा आकडा सरकत होता. सावकाश, एकाच दिशेनं.

मिलीला हसू फुटलं. माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, हे वाक्य ती स्वतः प्रत्येक नवशिक्याला ऐकवत आली होती. अंगाच्या उबेनं हवा हलते, हवेनं ताटली हलते; वजन ठेवा आणि बाहेर व्हा. खोलीत कोणी जरा रेंगाळलं की ती हाकलून द्यायची. पण आपण काहीच करत नाही आहोत, नुसत्या बसलो आहोत, म्हणून तिनं स्वतःला हिशेबातच धरलं नव्हतं.

"म्हणजे रोज सकाळी माझ्या खोलीत अंडी उबवत बसायचात होय!" हवामान खातं म्हणालं. त्यानं तिला वातानुकूलन यंत्रामागची जागा दाखवली. "तिथं घरघर आहे, पण चालेल ना?"

"चालेल. तुमच्या घरघरीला मोजे सापडत नाहीत असं तरी होत नाही."

त्याला काही कळलं नाही. मिली दुसऱ्या दिवसापासून तिथं बसू लागली आणि सकाळचे आकडे ताळ्यावर आले. हात मात्र कधी धड, कधी नाही.

तुलनेच्या दिवशी पहिली मोजमापं सरळ गेली. मग चिमटा काचेला लागला. टिक. साहेब दाराच्या काचेतून बघत होते. एरवी अशा वेळी ती घाई करायची. थरथर वाढायच्या आत काम उरकून टाकायची. आज तिला थांबावंसं वाटलं. पण आत थांबणं म्हणजे दिवा लावून ठेवणं. तिनं वजन डबीत ठेवलं, बाहेर आली, दोन्ही दारं लावली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"हात थरथरतोय."

सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट तिनं ऑफिसात आज पहिल्यांदा तोंडानं सांगितली.

"मग?"

"मग काही नाही. शांत झाला की जाते."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. श्वास आत, श्वास बाहेर, ट्रकचे काटे. पुन्हा श्वास. पुन्हा ट्रक. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ती आत गेली, वजन ठेवलं, आली. पुन्हा थरथर, पुन्हा भिंत. जेवणाच्या सुट्टीआधी संपणारं काम संध्याकाळपर्यंत चाललं.

आकडे जुळले.

"बारीक वजनं तुमच्याकडेच," साहेब म्हणाले. "पुढच्या तुलनेपर्यंत."

बेबी पेढे मिळाल्यासारखी हरखली. "आता तरी मान, वहिनी!"

"काय मानू? ध्यानानं झालं, की दिवसभर आतबाहेर केल्यानं, की हात आपोआप सुधारला? कळायचं असेल तर महिनाभर बंद करून बघायला हवं."

"मग कर बंद."

मिलीनं विचार केला. बंद करायचं, हात बिघडतो का बघायचं, बिघडला तर तसं टिपून ठेवायचं. प्रयोग म्हणून निर्दोष होता. फक्त त्यात बिघडणारा हात तिचा होता, आणि अंगणात ट्रकचे काटे होते.

"बघू," ती म्हणाली, "निवृत्तीनंतर."