शेवटचे अकरा किलोमीटर

शोरूममधल्या अमितने तेच दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी जरा हळू, जणू मला कमी ऐकू येतं. "मॅडम, दोनों एक साथ नहीं आता. गियरवाली में दो पहियों को पावर. चारों पहिये चाहिए, तो ऑटोमॅटिक ही लेनी पड़ेगी. शनिवार तक बता दीजिए, सर से पूछ के."

केयूर माझ्या कडेवरून वाकून त्याच्या टेबलावरची खेळण्यातली गाडी चाटायला बघत होता.

"सर से क्या पूछना है?"

"चलानी तो सर को ही है ना?"

सर, म्हणजे माझा नवरा मंदार, चौदा महिने झाले हिमाचलात आहेत, धरणाच्या साईटवर. दोन-तीन महिन्यांनी चार दिवस येतात आणि त्यातले दोन झोपतात. हे अमितला कशाला सांगू?

गाडी मला बाबांनी शिकवली. चंद्रपूरला, कॉलनीच्या मैदानात. ते म्हणायचे, "बघू नकोस, ऐक. इंजिन सांगतं, तेव्हा गियर बदल." ते गेले, पण माझ्या डाव्या हाताला आणि डाव्या पायाला अजून त्यांचंच ऐकायची सवय आहे. ऑटोमॅटिक चालवून पाहिली तेव्हा डावा पाय सारखा क्लच शोधत होता, लग्नाच्या हॉलबाहेर चप्पल शोधावी तसा.

तरी मला ऑटोमॅटिकच घ्यायची होती. मंदारच्या साईटकडे जाताना डांबरी रस्ता संपला की शेवटचे अकरा किलोमीटर कच्चा चढ आहे. थंडीत बर्फ, बाकीचं वर्ष चिखल. चारही चाकांना जोर असेल तरच तिथे धड जाता येतं. दुपारी केयूर झोपला की मी त्या रस्त्याचे व्हिडिओ बघायचे. कुठल्या वळणावर ओढा आडवा येतो, कुठे चहाची टपरी आहे, मला पाठ झालं होतं. मंदार जाताना म्हणाला होता, "तिकडे फॅमिली क्वार्टर मिळालं की दोघांना घेऊन जातो." केयूर तेव्हा सहा महिन्यांचा होता, नुसता बसायला लागला होता. आता तो पळतो, आणि मी मराठीत रागावले की हिंदीत हट्ट करतो.

संध्याकाळी फोनवर मंदार हसला. "अगं, सरळ गियरची घे. झाशीत चारही चाकं कशाला? ओरछा गेटला काय बर्फ पडतो?"

"झाशीसाठी नाही रे. तुझ्याकडे यायला."

पलीकडे कॅरम चालला होता. कुणाची तरी राणी गेली असावी, मोठा ओरडा झाला.

"हो ना," तो म्हणाला. "बघू. आधी क्वार्टर तर मिळू दे."

शुक्रवारी मी कंपनीच्या ऑफिसात गेले. गाडीच्या नोंदणीला पत्त्याचा दाखला लागतो, आणि आम्ही राहतो सिविल लाइंसमधल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये. दाखले कमलाकरकाका देतात. त्यांच्या घराण्याच्या सात-आठ पिढ्या झाशीतच गेल्या. त्यांचं मराठी अर्धं हिंदी झालंय, पण त्या इमारतीत माझ्याशी मराठी बोलणारे तेवढेच. म्हणून एका फेरीचं काम मी दोन फेऱ्यांत करते.

"या वहिनीसाहेब! और बाळराजे, क्या हाल?" दाखला लिहिता लिहिता ते म्हणाले, "बरं केलं साहेबांनी. क्वार्टर दो साल और वाढवून घेतलं."

मी केयूरचं नाक पुसत होते. पुसतच राहिले.

"तिकडचं फॅमिली क्वार्टर घ्यायचं म्हणजे इकडची चावी परत द्यावी लागते ना. दोन्ही ठेवता येत नाहीत. यादीत नाव आलं होतं साहेबांचं, पण त्यांनी नको कळवलं."

"कधी?"

"गणपतीच्या आधी." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे की. कारण काय लिहिलं होतं, तेवढं विसरले."

त्यांनी फाईल फिरवून बोट ठेवलं. मंदारचंच अक्षर. 'कारण: पुत्र की शिक्षा.'

पुत्र त्या वेळी शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबून दाखल्याच्या कोपऱ्यावर उमटवत होता.

"अरे अरे, बाळराजांनी सही केली," काका म्हणाले आणि नवा कागद घेतला. मग बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मीच फोन केला. "यादीत नाव आलं होतं तुझं?"

आज कॅरम नव्हता. "कोण म्हणालं?"

"मंदार, आलं होतं की नाही?"

"तुला इथे काय करमणार गं? सहा महिने कोंडून राहायचं. केयूर आजारी पडला तर डॉक्टर खाली..."

"ते आपण दोघांनी ठरवलं असतं ना. तुला आम्ही तिथे हवे आहोत का?"

तो लगेच 'हो' म्हणाला असता तर मी भांडले असते. तो म्हणाला, "मला एकट्याची सवय झालीय, शाल्मली. कसं सांगू कळेना."

मला नाही झाली, असं ओठांवर आलं होतं. केयूर उठला, असं सांगून मी फोन ठेवला. तो उठला नव्हता. मी त्याच्याशेजारी आडवी झाले आणि शाईने निळा झालेला त्याचा अंगठा हातात धरून पडून राहिले.

शनिवारी अमितला म्हटलं, "गियरवाली."

तो खूश. "सर मान गए?"

"सर इथे राहत नाहीत," मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं असावं. त्याने फॉर्मवर पतीचा फोन नंबर लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं, आणि माझा नंबर विचारला.

दहा दिवसांनी गाडी आली. केयूरला मागे त्याच्या छोट्या खुर्चीत बांधलं आणि मीच बाहेर काढली. पुलाच्या चढावर सगळं अडकलं. पुढे सिमेंटने भरलेला टेम्पो, मागे ई-रिक्षा, एवढी चिकटलेली की आरशात तिच्या काचेवरची लिंबू-मिरची दिसत होती. मी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली. इंजिन घरघरत होतं. बाबा असते तर म्हणाले असते, ऐक.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. शेजारच्या सीटवर, मंदारचं नाव.

"बाबा!" केयूर मागून ओरडला. "मम्मा, बाबा!"

"हो राजा. हात मोकळा नाही माझा."

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. टेम्पो हलला. मी पहिला टाकला, चढ संपल्यावर दुसरा, उतारावर तिसरा. समोर रस्ता बराच मोकळा होता. गाडी बाजूला घेता आली असती.

दतिया गेटपर्यंत मी ती कुठेच थांबवली नाही.