बारावी सुई

सुई ती केवढीशी! पण हरवली की घर केवढं मोठं होतं, ते माईंना त्या दुपारी कळलं.

माईंच्या शिवणाचा एक नेम होता. टाचण्यांच्या लाल उशीवर बारा सुया, तीन ओळींत चार-चार. कामाला बसताना बारा, काम आवरताना बारा. मधे फोन वाजो, दूध उतू जावो, दारात कुणी येवो, सुया मोजल्याशिवाय माई उठायच्या नाहीत. "अंधार पडायच्या आत लेकरं घरात घेतो ना, तशा सुया घ्याव्यात," त्या म्हणायच्या. चाळीस वर्षांत त्यांनी किती बाळांची दुपटी शिवली असतील, देवालाच ठाऊक. एकाही बाळाला कधी काही टोचलं नव्हतं. देवाचं नाव आणि सुयांची मोजणी, दोन्ही एकाच ओठांवर, एकाच श्रद्धेनं.

आणि आज मोजायचं राहिलं होतं.

घाईच तशी झाली. लेकीला बाळासकट दवाखान्यातून परवा सोडणार होते, ते आज सकाळीच सोडलं. परत बसायचंच म्हणून शिवण तसंच पसरलेलं ठेवून माई अंघोळीला गेल्या, बाहेर येतात तर जावई दारात उभे, खाली स्कूटर चालूच. "माई, झालं असेल तसं द्या, छोटीला अंगाखाली घालायला मऊ काही नाही." सूनबाईने दुपट्याची घडी करून हातात दिली. माईंनी ती कपाळाला लावली आणि आठ दिवसांच्या नातीसाठी दोन महिने शिवलेलं दुपटं निघून गेलं.

जेवणं झाल्यावर माई शिवणाचा डबा आवरायला बसल्या. उशीवरून बोट फिरवलं. चार. चार. तीन.

बोट मागे नेलं. चार, चार, तीन.

बारावी सुई गेली कुठे? पलंगावर, की चटईखाली? की बोटभर कापसाच्या थरात, दोन कापडांच्या मधे, टोक वर करून?

त्या खाली बसल्या आणि फरशीवरून तळहात फिरवू लागल्या. डोळे वापरण्यात अर्थच नव्हता. वर्षभर माईंच्या डोळ्यांपुढे धुकं होतं, आधी सकाळचं, मग दिवसभराचं. दोरा ओठांत ओला करून नेढ्यात ओवायचा तो बोटांच्या अंदाजाने. पाचदा चुकला की सहाव्यांदा जायचा. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या आईचे डोळे गेले तेव्हा सगळ्या भावंडांनी मिळून, अगदी प्रेमाने, तिच्या हातातली सुई काढून घेतली. कात्री कपाटात गेली, डबा माळ्यावर. त्यानंतर आई खिडकीशी बसून आपल्याच कपड्याची किनार दुमडायची आणि सोडायची. दिवसभर. दुमडायची आणि सोडायची.

"काय शोधताय माई?"

बाजूच्या खोलीत सूनबाई क्रोशा विणत बसली होती. विणताना तिचा पाय हलायचा आणि खुर्ची कुरकुरायची.

"काही नाही गं. बटण."

खुर्चीची कुरकुर थांबली. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. तिची नजर उशीवर गेली की आणखी कुठे, ते माईंना दिसलं नाही. तिच्या हातातला दोऱ्याचा गुंडा खाली पडल्याचं मात्र ऐकू आलं.

"बटण नाही ना, माई?"

पोरगी तिकडे दुपट्यावर आणि आपण इकडे बटणाच्या गोष्टी सांगतोय! वरून बघणाऱ्याला काय वाटत असेल? "सुई," त्या म्हणाल्या. "एक कमी आहे."

"फोन करा. आधी फोन करा!"

सूनबाईनेच लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. जावयांचाही तसाच. "छोटी झोपली असेल," ती म्हणाली, "आवाज बंद करून ठेवलेत दोघांनी. चला माई, चप्पल घाला."

लेकीचं घर पुलापलीकडे, चालत वीस मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशी शिंपीमामांचं दुकान लागलं. माई पायरीशी थांबल्या.

"मामा, तुमचं लोहचुंबक द्या."

"काय माई, घरात खजिना सापडला की काय?" मशीनवरून मान न उचलता मामा हसले. "लोखंडाचा असेल तर अर्धा माझा!"

"मामा, दुपट्यात सुई राहिलीय. नातीच्या."

मशीन थांबलं. मामांनी खिळ्याला दोरीने लटकवलेलं घोड्याच्या नालासारखं चुंबक काढून त्यांच्या हातात ठेवलं. सुयांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही.

पुलावर सूनबाई माईंच्या दोन पावलं पुढे होती. एरवी ती हात धरून चालायची. आज जणू तिच्याच पाठीमागे कुणी लागलं होतं. माई पाय ओढत होत्या आणि मनात म्हणत होत्या, 'देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्या कोवळ्या जिवाला माझ्या हाताचं काही लागू देऊ नकोस.' म्हणताना त्यांच्या लक्षात आलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे म्हणणं सोपं आहे. ते लेकीसमोर म्हणायचं आहे.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तर आतून बाळाचा टाहो. दार वाजवलं. टाहो वाढला. कुणी उघडेना. सूनबाईने मूठ आपटली तेव्हा कुठे कडी निघाली.

लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. आवाज थकलेला. "अगं, तुम्ही दोघी? हे औषध आणायला गेलेत. बघ ना माई, केव्हाची रडतेय. खाली ठेवलं की रडते, उचललं की गप्प. आत्ता जरा डोळा लागतोय."

खाली ठेवलं की रडते. माईंनी भिंत धरली.

"ते दुपटं काढ," त्या म्हणाल्या. "त्यात सुई आहे. असेल."

"सुई?" लेक बाळाला घेऊन पलंगाकडे वळली होती. "काहीतरीच. मी चांगला हात फिरवून बघितलाय त्यावर. आणि तुझी सुई राहील? तू मोजल्याशिवाय उठत नाहीस. घरी पडली असेल कुठेतरी, नीट बघितलं नसशील." बोलता बोलता ती वाकली. बाळाचे पाय दुपट्याला टेकले.

"ठेवू नकोस!" माई एवढ्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. "घरी बघितलं मी. पण माझ्या बघण्यावर जाऊ नकोस तू. मला दिसत नाही गं. वर्ष झालं. सुई दिसत नाही, टाका दिसत नाही. अंदाजाने शिवलंय ते सगळं. उचल तिला!"

लेकीने बाळाला असं छातीशी ओढलं की ते पुन्हा रडू लागलं. सूनबाईने दिवा लावला, खिडकी उघडली. दोघींनी बाळाचे कपडे सोडले आणि पाठ, मांड्या, मान बोटा-बोटाने पाहिली.

"इथे," सूनबाई म्हणाली. "टाचेला. लाल ठिपका आहे."

माईंनी हात जोडले. डोळे मिटले. तेवढ्या वेळात त्यांनी आपली सुई, डबा, उशी, सगळं मनातल्या मनात माळ्यावर ठेवून दिलं.

"ते नाही," लेक श्वास सोडत म्हणाली. "ते दवाखान्यातलं. काल तपासायला टाचेतून रक्त घेतलं ना. बाकी कुठे काही नाही."

मग लेकीनेच दुपटं ओढून जमिनीवर पसरलं. सूनबाईने माईंच्या हातातून चुंबक घेतलं आणि दुपट्यावरून फिरवू लागली. मधल्या तुकड्यांवर ती थांबलीच नाही. थेट उजव्या कोपऱ्याकडे गेली, जिथे कापड आणि तिने स्वतः विणलेली क्रोशाची किनार एकमेकांना मिळतात. तिथे चुंबकाखाली कापड उचललं गेलं. कुणी आतून बोट लावावं तसं उभं राहिलं.

किनारीखालून सुई निघाली. मागे वीतभर दोरा.

"आण इकडे," माई म्हणाल्या. त्यांनी सुई दोन बोटांत धरली आणि दोऱ्याच्या टोकापर्यंत गेल्या. तिथे बोटं थांबली. त्या गाठ मारायच्या ती तांदळाच्या कणीएवढी, लागणारसुद्धा नाही अशी. ही गाठ फासाची होती, जाड. क्रोशा विणणाऱ्या हाताची.

माईंनी मान वर केली. धुक्यात सूनबाईचा नुसता आकार दिसत होता.

"मला वाटलं, उशीवर परत टोचली," सूनबाई म्हणाली. "देवाशप्पथ, माई. तुम्ही अंघोळीला गेला होतात. कोपऱ्यातले चार टाके सुटत होते, म्हणून घातले. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. मगाशी उशीवर अकरा दिसल्या तेव्हा कळलं."

"आजच घातलेस?"

"नाही." ती खाली बघत असावी. "दोन महिने. तुम्ही झोपलात की वाकडे गेलेले उसवायचे आणि परत घालायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सुई खाली ठेवली असती. मला ते बघवलं नसतं."

"मग माझ्या तोंडाने इथे सगळं सांगायला लावलंस!"

"मी बोलणार होते. पुलावर तीनदा तोंड उघडलं."

"छान!" लेकीने बाळाचे कपडे बांधले. "एक सासू आंधळेपणा लपवते, एक सून टाके लपवते, आणि मधल्या मधे माझी पोर! दोघींच्या प्रेमाला साष्टांग नमस्कार. हे दुपटं मी तिला घालणार नाही."

माईंना वाटलं, आता. आता म्हणेल, सुई ठेव.

"उसवा हे," लेक म्हणाली. "टाका न् टाका. कापूससुद्धा पिंजून बघा. मग पुन्हा शिवा."

"कुणी?" माईंनी विचारलं. त्यांनाच ऐकू गेलं नसेल इतक्या हळू.

लेकीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. माईंना तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्या तिच्या श्वासाकडे कान देऊन बसल्या.

"दोघींनी," लेक म्हणाली. "पण सुया वहिनी मोजेल. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्याच. रडायचं नाही, नाही म्हणायचं नाही."

"मीही मोजणार," माई म्हणाल्या. "ती डोळ्यांनी मोजेल, मी बोटांनी. दोघींचे बारा आले तरच उठायचं."

"तू काही सुधारायची नाहीस, माई," लेक म्हणाली आणि पहिल्यांदा खाली बसली.

परतताना दुपट्याचं गाठोडं सूनबाईच्या काखेत होतं आणि सुई चुंबकाला चिकटलेली. पुलावर तिने माईंचा हात धरला. माईंनी तो सोडवून घेतला नाही, पण आपली बोटंही मिटली नाहीत. शिंपीमामांना चुंबक दिलं आणि सुई मुठीत घेऊन घरी आल्या.

उशीवर तिसऱ्या ओळीत रिकामी जागा होती. माईंनी बोटाने चाचपून तिथे सुई टोचली.

"मोज."

"बारा," सूनबाई म्हणाली.

माईंनी स्वतः बोट फिरवलं. चार, चार, चार. मग त्यांनी डब्यातून दोऱ्याचं रीळ काढून सुनेपुढे ठेवलं.

"बस इथे. आधी गाठ मारायला शीक. तुझी गाठ म्हणजे हरभरा आहे नुसता. सुई नसती टोचली, तरी ती टोचली असती पोरीला."

"आणि तुमचे टाके, माई? अहो, मुंग्यांच्या वाटेसारखे..."

"कळलं, कळलं. ओव आता. मला दिसत नाहीये."