गाण्याआधीचे सात सेकंद

“अहो, बसा एका जागी! तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच घेरी यायला लागली,” वकीलबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

कॅसेटकाका बसले आणि लगेच उठले. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या पाण्याच्या पिंपापर्यंत जायचे आणि न पिताच परत यायचे, हेच सकाळपासून चालले होते.

जन्मभर त्यांनी आपल्या दुकानात लोकांच्या गुंतलेल्या कॅसेटी सोडवल्या. कॅसेटी गेल्या, तेव्हा जुनी गाणी संगणकावर घेऊन त्यांतली खरखर काढायला लागले. एका गाण्याला दोन-दोन दिवस. एवढ्या निगुतीने धुतलेली गाणी कपाटात कुजवायची कशाला, म्हणून टोपणनावाने इंटरनेटवर फुकट वाटली. गाणी कंपनीच्या मालकीची आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी सोयीस्कर काणाडोळा केला, इतकेच. कंपनीने केला नाही.

शिवाय हौस नडली. आपली मेहनत लोकांना कळावी, म्हणून प्रत्येक गाण्याआधी त्यांनी बायकोला दोन वाक्ये बोलायला लावली होती. “माझं नाव घे,” असे परोपरीने सांगूनही तिने ते घेतले नाही. लाजाळूपणा, दुसरे काय.

ती जाऊन दोन वर्षे झाली. पोलिसांनी दुकानातून गाण्यांची डिस्क नेली त्याला आठ महिने. इंटरनेटवरची गाणीही कंपनीने काढून टाकायला लावली होती; तिचा आवाज आता त्या डिस्कमध्येच उरला होता.

“पुन्हा सांगते,” वकीलबाई म्हणाल्या, “दुकानात सतरा जण येतात. डिस्क कुणाही गिऱ्हाइकाची असेल. तुम्हाला अडकवणारा फक्त हा आवाज आहे. ओळखत नाही म्हणा, सुटाल. नाहीतर तुरुंग आहे.”

“बाबा, एवढं एकच वाक्य,” मुलगी म्हणाली. “आईला काय फरक पडणार आहे आता?”

काकांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले, काढले, पुन्हा लावले.

पुकारा झाला. आत कारकुनाने डिस्क जोडली आणि पहिलेच गाणे लावले.

“हे गाणं आमच्या ह्यांनी साफ केलंय. बघा, एवढीशीसुद्धा खरखर नाही.” मग दाबलेले हसू. गाण्याचा पहिला सूर लागताच कारकुनाने ते थांबवले.

“हा आवाज ओळखता?” न्यायाधीशांनी विचारले.

मुलीने पर्सचा पट्टा घट्ट धरला. काकांचे पाय सकाळपासून पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले.

“आमच्या हिचा आहे, साहेब. आणि ‘हे’ म्हणजे मी.”

वकीलबाईंनी डोळे मिटले.

“गाणी तुम्हीच टाकलीत?”

“मीच. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. मी सांगितलं, ती बोलली.”

“गुन्हा कबूल, असं लिहून घेतो. शिक्षा पुढच्या तारखेला. ही सगळी गाणी पुसली जातील, कळतंय ना?”

“कळतंय.” काका कठड्यावर जरा पुढे झुकले. “साहेब, एकदा परत लावाल? गाणं नको. तेवढंच.”

न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग कारकुनाकडे.

कारकुनाने बटण दाबले. ती बोलली, हसली, आणि गाणे सुरू व्हायच्या आत त्याने ते अचूक बंद केले.