विभूतीच्या फळीवरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. समीक्षाचं प्रेत दवाखान्यातून लातूरच्या घरी आणलं, त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, संगमेशनं, मला भिंतीवरून काढून पालथं टाकलं. त्याला माझी किळस आली होती. मलाही माझी येते.

नांदेडच्या जिलानीचाचांनी मला कापून सागवानी चौकट बसवली. समीक्षाच्या लग्नात मी रुखवतात आलो. माझ्याखालच्या फळीवर विभूती असायची. आंघोळ झाली की संगमेश, त्याची आई विठाबाई, समीक्षा आणि नंतर त्यांची लेक साक्षी माझ्यात बघून कपाळावर तीन बोटं ओढायचे.

समीक्षा नवरीचा मेकअप करायची. माझ्यासमोरून प्रत्येक पोरगी हसत उठायची. एका लग्नसराईत तिच्यासोबत काम करणारी अंजू पुडी घेऊन आली.

"वहिनी, हे ओढा. थकवा न्हाई, झोप न्हाई."

"काय हाय गं?"

"कोकेन. दारूवानी वास येत न्हाई. तुमच्या सासूला मेल्यावर बी कळायचं न्हाई."

मला आडवं ठेवलं. माझ्या तोंडावर भुकटीच्या रेघा ओढल्या, त्यात नाकं घासली. भुकटी, शेंबूड, थुंकी. असं वरचेवर होऊ लागलं. वरवर पुसून मला पुन्हा टांगायचे.

एकदा चौकटीवर पांढरं राहिलं. संगमेशला वाटलं, विभूती सांडली. त्यानं ती बोटानं टिपली आणि डोळे मिटून कपाळाला लावली.

मग एका सकाळी समीक्षा कुंकू लावायला आली. उजवा हात वर जाईना. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला. तिनं ते माझ्यात पाहिलं, हाक मारली, पण शब्द फुटेना.

विठाबाई म्हणाल्या, "वारं गेलंय हिच्यावरून. रेणापूरच्या तेलवाल्याकडं न्या."

तेल चोळण्यात दुपार गेली. तिथून दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. पुढचं मी संगमेश आईला सांगत होता तेव्हा ऐकलं.

"डॉक्टरनं इचारलं, काही नशा करायच्या का? मी म्हणलो, आमच्या घरात सुपारी बी चालत न्हाई. तपासणीत कोकेन निघालं, आई. त्यानं रक्तदाब चढतो, मेंदूची नस आवळती न्हाईतर फुटती. तरण्या माणसाची बी. हिची फुटली. आरशावरची विभूती म्हणून मी कपाळाला लावली, ती बी तीच भुकटी."

"हळू बोल. पोरगी ऐकंल."

अंजू मातीला आली. मोठ्यानं रडली, चहा पिऊन गेली.

मित्रांनो, त्या भुकटीला हात लावू नका. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तेल शोधू नका, तडक मोठा दवाखाना गाठा. आणि माणसानं काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा. तिथं लाज धरू नका.

साक्षी अजून विचारते, "आजी, आईला काय झालतं?"

"वारं गेलं, बाई."

संगमेश तिथंच बसलेला असतो. माझ्या चौकटीच्या खाचेत ती भुकटी आहे, ती त्यानं काढलेली नाही. साक्षीला खरं सांगितलेलं नाही.