देवीचे वण

देवीच्या विषाणूच्या भाऊबंदांवर मी बावीस वर्षं काम करते आहे. देवी जगातून गेली, पण ती ज्यांना येऊन गेली त्यांच्या रक्ताला तिची ओळख अजून आहे का, एवढंच मला तपासायचं होतं. बावीस वर्षांत उंदीर हजारो मिळाले. देवीतून वाचलेलं माणूस मिळेना.

शेवटी चकलांब्यात भिवराबाई सापडल्या. वय पासष्ट, तोंडभर वण. ते बघून मी चक्क "वा!" म्हणाले. त्यांनी मला नीट निरखून घेतलं.

मी संमतीपत्र वाचायला लागले. ते सहा पानांचं आहे. ज्याने लिहिलं त्याला उन्हात बसवून सगळं ऐकवायला हवं. दुसऱ्याच पानावर भिवराबाईंनी हात पुढे केला.

नळी भरत असताना त्या म्हणाल्या, "या वणांपायी तीन पाव्हने मला बघून माघारी गेले. चौथ्याला कमी दिसायचं, म्हनून लगीन झालं. वण बघून खूश झालेली तूच पहिली."

मी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि नळीवर नंबर टाकला. नाव लिहायचं नसतं. रक्त देणाऱ्याला निकाल सांगायचीही आमच्यात पद्धत नाही, मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. तरी उठताना तोंडातून गेलंच, "रिपोर्ट आला की कळवते हं, मावशी."

"हां," पदर सावरत भिवराबाई म्हणाल्या. "ते तीन पाव्हनेबी असंच म्हनून गेलते."