ब्रदर ऑर्विल आणि निळा मेंदू

उणे तीस अंशांच्या थंडीत चर्चबाहेर रांग लागली होती, आणि सगळे बोडक्या डोक्यानं उभे. देवाच्या दारी टोपी घालून यायचं नाही, असा ब्रदर ऑर्विलचा दंडकच होता. आत तळघरात ऑर्विलनं एक कॅमेरा लावला होता. त्याच्या पडद्यावर प्रत्येकाचं कपाळ आधी निळंशार दिसायचं. मग उबेत बसून तासभर भजन, कपाळावर ऑर्विलचा हात, की लालबुंद. "बघा, मेंदूत रक्त खेळायला लागलं," तो सांगायचा. "यंत्र काही माझ्या घरचं खात नाही, बंधूंनो." लोक हुंदके द्यायचे.

टेसाला बसवत नव्हतं. जन्मापासून तिचं हृदय अर्धंच. लहानपणीच्या शस्त्रक्रियांवर ते कसंबसं चाललेलं. हल्ली बोलताना साधे शब्द हरवायचे. मेंदूला रक्त किती पोचतं ते पाहायला विनिपेगच्या डॉक्टरांनी सोमवारी एमआरआय ठेवला होता. आणि आई, डार्लीन, तिला इथं घेऊन आली होती.

"आई, हा कॅमेरा नुसती कातडीची ऊब दाखवतो. भिंतीतून गारठा कुठून शिरतो ते बघायला बाबा असलाच आणायचे."

"गप गं. तुझं डोकं निळं होतं, मी पाहिलं."

"गारठलं होतं ते."

भजन संपलं. ऑर्विलनं हाक मारली, "ये पोरी."

टेसा उठली ती थेट शेजारच्या स्वयंपाकघरात शिरली. जेवणासाठी कोबीच्या पानांत सारण भरायचं होतं, ती पानं अलगद सुटावीत म्हणून बायकांनी गड्डा गोठवून ठेवला होता. तिनं तो आणून कॅमेऱ्यासमोर धरला. निळाशार. मग चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्यानं पुन्हा धरला. लालबुंद.

"ब्रदर, हाही बरा झाला का?"

"सैतान शिरलाय यात," ऑर्विल पुटपुटला.

"कोबीत?" मागून कुणीतरी विचारलं, आणि तळघर हसलं.

टेसाला धाप लागली होती, तरी ती बोललीच. "एमआरआयमध्ये मानेतून वर चढणाऱ्या रक्तालाच चुंबकानं खूण करतात, आणि ते मेंदूत कुठं, किती पोचलं ते बघतात. या कॅमेऱ्याला कपाळाच्या आतलं काही दिसत नाही. पडद्यावर रंग दिसला तर तो कशाचा, एवढं तरी विचारा. विचारल्यानं देव रागवत नाही."

हसण्यात डार्लीन नव्हती. "टेसा," ती म्हणाली, "सोमवारची वेळ मी सकाळीच रद्द केली."

टेसा आईकडे वळली. "दुसऱ्या कुणाला दिली असेल तर?"

"तर दुसरी मागेन. नाही म्हणाले तर दारात बसेन." डार्लीननं तिथंच दवाखान्याला फोन लावला.